परका ठेका, आपली बोली

गेल्या वर्षी जयंती महोत्सवाच्या आखणीसाठी आपल्या विहारात बैठक झाली, तेव्हा वस्तीतील चार मुलांनी 'रॅप' सादर करण्यासाठी मंचावर दहा मिनिटे मागितली. लगेच दोन तट पडले. काही ज्येष्ठांचे म्हणणे असे की, हा अमेरिकेतला धांगडधिंगा आहे, आपल्या मंचावर भीमगीतेच शोभतात. मुलांचे म्हणणे असे की, आम्हीही बाबासाहेबांवरच बोलणार आहोत, फक्त आमच्या पद्धतीने. शेवटी 'वेळेअभावी विषय पुढील वर्षी घ्यावा' असे ठरले. इतिवृत्त मीच लिहीत होतो, त्यामुळे ते वाक्य माझ्याच हस्ताक्षरात आहे. लिहिताना मला बरे वाटले नाही. मी बँकेत कारकून आहे, संगीताचा जाणकार नव्हे, परंतु बी. ए. ला मराठी साहित्य शिकलो आणि कॅसेटवरची भीमगीते ऐकत मोठा झालो. म्हणून या विषयाचा थोडाफार अभ्यास करून जे हाती लागले, ते सभासद बंधू-भगिनींपुढे व विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहे.

प्रथम या प्रकाराचा उगम पाहू. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात, सेज्विक अव्हेन्यूवरील एका इमारतीत एका मुलीने छोटा समारंभ ठेवला होता. गाण्यांच्या तबकड्या वाजविण्याचे काम तिच्या भावाकडे होते. त्याचे नाव क्लाइव्ह कॅम्बेल, लोक त्याला 'कूल हर्क' म्हणत. त्याच्या लक्षात आले होते की, गाण्यात जेथे गायक थांबतो आणि केवळ ढोल-ताशा उरतो, तेवढ्याच तुकड्याची नाचणारे वाट पाहतात. म्हणून त्याने एकाच तबकडीच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू करायचा, आणि तो काही क्षणांचा ठेका हवा तितका लांबवायचा. त्या ठेक्यावर ध्वनिक्षेपकातून यमक जुळवीत बोलणे सुरू झाले आणि त्यातून रॅप वाढला. ब्राँक्समध्ये राहत होते ते प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोहून आलेले गरीब लोक. त्यांच्या वस्त्यांच्या मधून मोठा महामार्ग काढला गेला होता, रोजगार गेले होते, इमारती जळत होत्या. १९८२ मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्यांच्या साथीदारांचे 'द मेसेज' हे गाणे आले, ते अशाच वस्तीतल्या जगण्यावर आहे.

आता गंमत पाहा. हा कूल हर्क तरी कोठे मूळचा न्यूयॉर्कचा होता? तो १९६७ मध्ये जमैका बेटावरून आलेला मुलगा. भर रस्त्यात मोठमोठे स्पीकर लावून त्यावर बोलण्याची रीत त्याने किंग्स्टन शहरात लहानपणी पाहिली होती. ज्याला आपण अस्सल अमेरिकी म्हणून नाक मुरडतो, ते अमेरिकेतही बाहेरूनच आले. आणि जेथे हे घडले, तेथून काही मैलांवरच्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब शिकत होते. याचा रॅपशी संबंध नाही हे मला कळते. पण न्यूयॉर्क म्हटले की आपल्या लोकांनी एकदम परके व्हावे असे काही नाही, एवढेच.

बाहेरचे घेण्याची रीत आपल्याकडे नवीन नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे त्या समाजाच्या प्रचारासाठी जलसे उभे राहिले, ते तमाशाच्या चौकटीवर. त्या काळी तमाशा म्हणजे शिष्टांच्या दृष्टीने ओंगळ प्रकार. जलसेकऱ्यांनी गण, गौळण, बतावणी, वग ही बैठक घेतली आणि आतला माल बदलला. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक यांनी आंबेडकरी जलसा गावोगावी नेला तो याच वाटेने. वामनदादा कर्डक यांनी १९४३ मध्ये पहिले गीत लिहिले, तेही एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवरचे विडंबन होते. पुढे भीमगीतांत कव्वाली आली. कव्वाली मूळची सूफी दर्ग्यातली. परंतु प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या गळ्यातून ती ऐकताना आपल्यापैकी कोणाला परकी वाटली? १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचे नावही अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले. टुपाक शकूर हा जगभर गाजलेला रॅपगायक. त्याची आई अफेनी शकूर ही त्याच ब्लॅक पँथरची कार्यकर्ती होती.

तेव्हा ठेका कोठून आला, हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. बोलणारा कोण, कोणाच्या बोलीत आणि कशाबद्दल बोलतो, येथे खरी परीक्षा आहे.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर या बाबतीत चांगली-वाईट दोन्ही उदाहरणे सापडतात. २०१५ मध्ये मुंबईच्या डिव्हाइन व नेझी यांचे 'मेरे गली में' आले आणि २०१९ मध्ये 'गली बॉय' हा चित्रपट. त्यानंतर गावोगावची मुले स्वतःच्या गल्लीवर रॅप करू लागली. हे चांगलेच झाले. परंतु पुष्कळांची गल्ली कुर्ला-अंधेरीचीच राहिली. बोलण्याचा हेल मुंबईचा, हातवारे अमेरिकेतले, आणि फक्त नाव आपल्या गावाचे. बाहेरचा प्रभाव म्हटला की आपल्याला न्यूयॉर्क आठवते. पुण्यातल्या मुलाला मुंबईही बाहेरचीच आहे, हे ध्यानात येत नाही.

पुण्यापुरते बोलायचे तर एमसी स्टॅनचे नाव घ्यावेच लागेल. हा अल्ताफ शेख ताडीवाला रोडचा, म्हणजे आपल्या विश्रांतवाडीहून येरवड्यामार्गे स्टेशनकडे गेले की लागणाऱ्या वस्तीतला. लहानपणी तो कव्वाली गात असे. २०२३ मध्ये 'बिग बॉस'चे विजेतेपद त्याला मिळाले, तेव्हा आपल्याकडच्या मुलांनी स्वतःच जिंकल्यासारखे फटाके वाजविले. तो गातो हिंदीत. पण ती हिंदी पुण्याच्या झोपडपट्टीची, 'शेमडी'सारखे आपले मराठी शब्द पोटात घेतलेली. काही मंडळी म्हणतात, मराठीत नाही तर पुण्याचे कसे? मला हे पटत नाही. माझे वडील १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पुण्यास आले. आमच्या चाळीत तेलुगू, कन्नड, हिंदी, उर्दू बोलणारी घरे होती आणि नळावरच्या भांडणात सगळ्यांची मिळून एकच भाषा होत असे. ती आमची बोली. मात्र स्टॅनच्या काही गाण्यांत स्त्रियांविषयी जे येते, ते मला मंचावर चालणार नाही. ते वस्तीचे वास्तव आहे असा बचाव करतात. वस्तीत पहाटे चारला उठून कामावर जाणाऱ्या बायाही आहेत. त्यांचे वास्तव मग कोठे जाते?

अमरावतीचा सौरभ अभ्यंकर मात्र विद्यार्थ्यांनी अवश्य ऐकावा. तो वऱ्हाडीत रॅप करतो. 'मला-तुला'ऐवजी 'मले-तुले', 'का'ऐवजी 'काहून'. शाळेत ज्या बोलीला हसतात, तीच त्याचे बळ झाली. त्याने घेतलेले नावही मजेशीर आहे: शंभरचा आकडा आणि पुढे आर, बी, एच ही इंग्रजी अक्षरे. शंभर म्हणजे सौ, आणि पुढे 'रभ'. आकडा वाचायचा हिंदीत, अक्षरे इंग्रजीत, माणूस वऱ्हाडातला! तो 'स्वदेसी' या मुंबईच्या गटातही गायला. याच गटाने २०१९ मध्ये आरे येथील आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन 'द वारली रिव्होल्ट' हे गाणे केले. महादेव कोळी समाजातली माही जी ही तरुणी जंगल आणि आदिवासींच्या प्रश्नांवर रॅप करते. महाराष्ट्राबाहेर चेन्नईत जानेवारी २०१८ मध्ये पा. रंजित यांच्या पुढाकाराने 'कास्टलेस कलेक्टिव्ह' मंचावर आला. त्यांनी रॅपला उत्तर चेन्नईच्या वस्तीतल्या गाना या लोकगीताची जोड दिली. जातीवर इतके उघड बोलणारा मंच कोणत्या शास्त्रीय सभेने दिला असता?

नावाचा विषय निघाला म्हणून सांगतो. बँकेत खाते उघडताना पूर्ण नाव आणि आडनाव लागते. आडनाव वाचून समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, हे आपल्या लोकांना सांगावयास नको. रॅप करणारी मुले आडनाव टाकून स्वतः निवडलेले नाव घेतात आणि त्यापुढे वस्ती सांगतात. मला त्यात केवळ फॅशन दिसत नाही.

आता विद्यार्थ्यांसाठी थोडे तंत्राविषयी. पोवाडा ज्याने ऐकला आहे, त्याला रॅप अवघड नाही. शाहीर भरभर कथन करतो, झीलकरी 'जी जी' करून त्याला श्वास देतात. रॅपमध्ये साधारण सोळा ओळींचा तुकडा आणि मग ध्रुवपद येते. कलगी-तुऱ्याचे सवालजवाब आणि रॅपमधली समोरासमोरची झुंज यांत तर फारच साम्य आहे. मराठीत एक अडचण आहे, तीही लक्षात घ्यावी. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. त्यामुळे गेला, आला, झाला अशी यमके फुकट मिळतात आणि चार ओळींत कान कंटाळतो. चांगला रॅपकार क्रियापद अलीकडे घेतो, शेवटी नाम ठेवतो आणि ओळीच्या मधेही यमक साधतो. नवशिक्यांचे दुसरे दुखणे म्हणजे इंटरनेटवरून तयार घेतलेला ठेका. वामनदादांच्या काळी चित्रपटाची चाल घेत, ती ऐकणाऱ्याच्या तोंडी असे, त्यामुळे लक्ष शब्दांवर राही. या तयार ठेक्याला कोणाचीच ओळख नसते. त्यापेक्षा आळंदीची पालखी आपल्या रस्त्याने जाते तेव्हाचा मृदंग किंवा जयंतीची हलगी मोबाईलवर मुद्रित करून त्यावर बोलून पाहावे.

ज्येष्ठांनाही एक गोष्ट नम्रपणे विचारतो. मिरवणुकीत आपण 'डीजे' लावतो. ब्राँक्समध्ये डीजे म्हणजे तबकडी फिरविणारा माणूस. आपल्याकडे डीजे म्हणजे स्पीकरची भिंत. मुकुंदराव आंबेडकर चौकात ती उभी राहिली की भीमगीताचा एक शब्द कळत नाही, छातीत फक्त धडधड होते. त्याला आपण वर्गणी देतो. आणि ज्यात शब्द हेच सर्व काही आहे, त्याला वेळ नाही म्हणतो.

मुलांचीही बाजू निर्दोष नव्हती. त्या चौघांत माझा भाचा होता. बैठकीनंतर मी त्याला घरी बोलावून रॅप म्हणावयास लावला. त्यात पिस्तूल होते, काळी गाडी होती, वैरी होते. मी विचारले, "बाळा, पिस्तूल कधी पाहिलेस?" तो म्हणाला, "मामा, असंच लिहितात." मी म्हटले, "तू काल दिवसभर काय पाहिलेस तेवढे सांग." तो चिडून निघून गेला.

तीन आठवड्यांनी परत आला. या वेळी त्याने आजीवर लिहिले होते. आजीने पंचवीस वर्षे चार सोसायट्यांत भांडी घासली. त्यांपैकी एकीत तिच्यासाठी वेगळा कप खिडकीत ठेवलेला असे. हे आम्हा घरच्यांनाही नीट माहीत नव्हते, त्याने तिला विचारून काढले होते. यमके निम्मी कच्ची होती. आजी खाटेवर बसून ऐकत होती. तिला वेग झेपला नाही. संपल्यावर ती म्हणाली, "आता ते बंद कर अन् सावकाश म्हण." त्याने मोबाईलवरचा ठेका बंद केला आणि पुन्हा पहिल्यापासून म्हटले. कपाच्या ओळीवर तिने त्याला थांबविले. म्हणाली, "खिडकीत नव्हता रे, जिन्यात होता." त्याने तेथल्या तेथे ओळ दुरुस्त केली. मात्र त्यामुळे यमक गेले, ते अजून जुळलेले नाही.

मुलांचा दहा मिनिटांचा अर्ज यंदाच्या बैठकीपुढे पुन्हा ठेवलेला आहे.