अंदमानला निघालेल्या भाचीस

चि. मनूस,


तुम्हा मैत्रिणींचं जानेवारीत अंदमानला जायचं पक्कं झालं, हे तुझ्या आईकडून कळलं. फार आनंद झाला. तू पाठवलेली सामानाची यादीही वाचली. तीत अकरा ड्रेस आहेत, चार जोड चपला आहेत, केस वाळवायचं मशीन आणि स्पीकर आहे. टोपी, उलटीची गोळी आणि पाण्याची बाटली मात्र नाही. फोनवर या गोष्टी अर्धवट राहतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

प्रत्येक वस्तू बॅगेत टाकताना एकच विचार कर: हिचा भार कुणावर पडणार? तुझ्या पाठीवर, बरोबरच्या मैत्रिणींवर, की त्या बेटावर?

आधी तुझ्या पाठीचं बघू. पुण्याहून विमान बदलून तुम्ही श्रीविजयपुरमला, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरला उतराल. तिथून बोटीने स्वराज द्वीप, मग शहीद द्वीप, मग परत. लोक अजून त्यांना हॅवलॉक आणि नीलच म्हणतात. दर टप्प्याला सामान धक्क्यावर उतरतं आणि पुन्हा चढतं. चाकांची बॅग विमानतळाच्या फरशीवर सुरेख पळते, पण वाळूत तिची चाकं रुततात आणि बोटीच्या फळीवर ती उचलावीच लागते. म्हणून पाठीवरची सॅक घे. हलत्या बोटीत चढताना दोन्ही हात मोकळे हवेत. विमानात १५ किलोची मुभा असली तरी तू १० किलोवर थांब.

कपड्यांत सगळ्यात जास्त चूक होते ती सुती कपड्यांची. सुती टीशर्ट घालून समुद्रात उतरलीस तर तो पाणी पिऊन जड होईल आणि तिथल्या दमट हवेत दुसऱ्या दिवशीही ओलाच राहील. पाण्यासाठी नायलॉन-लायक्राचे, लांब बाह्यांचे दोन जोड घे. एक अंगावर, एक दोरीवर. संध्याकाळसाठी सैल सुती कपडे, आणि पायजमे घोट्यापर्यंतचे. किनाऱ्यावर वाळूतल्या बारीक माश्या सकाळ-संध्याकाळ चावतात, आणि खाजवलं की त्याच्या गांध्या बरेच दिवस जात नाहीत. डासांचं मलम विसरू नकोस. जाड टर्किश टॉवेल घरी ठेव आणि पंचा ने. तो झटक्यात वाळतो, उन्हात डोक्यावर घेता येतो आणि बोटीत गार वारा लागला तर खांद्यावरही येतो. चपलांचे दोनच जोड: एक साधी चप्पल, आणि एक मागे पट्टा असलेली रबरी सँडल. नीलला ओहोटीच्या वेळी पाणी मागे जातं आणि खडक उघडे पडतात. मेलेल्या प्रवाळाची धार पायाला सुरीसारखी लागते.

उन्हाचं नीट समजून घे. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची, आणि अंदमान ९३ अंशांच्या जवळ. त्यामुळे तिथे सूर्य घड्याळाच्या सुमारे ४० मिनिटं पुढे असतो. अकरा वाजतात तेव्हाच ऊन माथ्याशी आलेलं असतं, आणि जानेवारीत सव्वापाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. सकाळी लवकर पाण्यात जा, अकरानंतर सावलीत बस. टोपी हनुवटीखाली दोरी बांधता येईल अशी घे, नाहीतर पहिल्याच बोटीत वारा ती नेईल. सनस्क्रीन ३० किंवा जास्त एसपीएफचं, दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा लावायचं. त्यावरचे घटक वाचून घे. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्झेट प्रवाळाला घातक ठरतात म्हणून हवाईने २०१८ मध्ये कायदा करून त्यांच्या विक्रीवर बंदी आणली. झिंक ऑक्साइडचं मिळालं तर ते घे. मुळात अंगभर बाह्या असल्या की मलमच कमी लागतं. अंधार लवकर पडतो, तेव्हा छोटी टॉर्च हवी.

आता मैत्रिणींचं. प्रवासात एकीचं विसरलं की सगळ्यांचा दिवस जातो. औषधांची पिशवी प्रत्येकीची वेगळी असू दे आणि ती हातातल्या सामानात ठेवा. बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यायची असते. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. ओआरएसची पाकिटं, बेटाडिन, चिकटपट्ट्या घे. प्रवाळाचं खरचटलेलं लगेच स्वच्छ पाण्याने धू, ते चिघळतं. तू कॉन्टॅक्ट लेन्स लावतेस, त्या लावून समुद्रात उतरू नकोस. जंतुसंसर्गाने डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. चष्मा आणि जुना जादा चष्मा दोन्ही ने. प्रवासात पाळी मागे-पुढे होते, म्हणून तारीख लांब असली तरी सामान जवळ हवंच. वापरलेले पॅड गुंडाळायला कागद आणि झिपची पिशवी ठेव, संडासात टाकू नका. पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवायची असते, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. बेटांवर एटीएम मोजकी आणि मोबाइलची रेंज बेभरवशाची, म्हणून रोख रक्कम, मूळ ओळखपत्र आणि तिकिटांच्या छापील प्रती प्रत्येकीकडे हव्यात. हे सगळं ड्राय बॅगेत, म्हणजे पाणी आत न शिरणाऱ्या पिशवीत घाल. तिच्या तोंडाच्या पट्टीला तीन घड्या घालून मगच बकल लाव. एका घडीवर भागवलंस तर पाणी आत शिरलंच म्हणून समज. स्कूबा करणार असाल तर ते सहलीच्या सुरुवातीला ठेवा. शेवटच्या डाइव्हनंतर १८ तास तरी विमानात बसू नका.

आणि तिसरा भार बेटाचा. याचा मी सगळ्यात जास्त आग्रह धरते, कारण त्याच्या वतीने बोलायला तुझ्या सॅकपाशी कुणी नसतं. तिथे बहुतेक सगळं जहाजाने येतं, आणि आपण टाकलेलं तिथेच साचतं. वंडूरहून जॉली बॉय बेटाला जाताना प्लॅस्टिकच्या पिशव्या, वेष्टनं तपासून काढून घेतात, हे चांगलंच आहे. पण तो नियम तुम्ही सगळ्याच बेटांवर पाळा. स्टीलची एक लिटरची बाटली घे. शांपूच्या पुड्यांऐवजी वडी घे. चकल्या-लाडू डब्यातून ने, डबा परत येतो. स्पीकर घरीच राहू दे; स्वराज द्वीपवरच्या राधानगरच्या किनाऱ्यावर लाटांचा आणि मागच्या जंगलाचा आवाज ऐकायलाच माणसं लांबून येतात.

परतताना शंख-शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे बॅगेत घालू नकोस. प्रवाळ आणि कित्येक शंख १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात आणि विमानतळावर सामान तपासलं जातं. पण नुसत्या कायद्याच्या भीतीने थांबू नकोस. वाळूवर वाकून बघ. रिकामा म्हणून उचललेला शंख हातात असतानाच चालू लागतो, कारण आत एक खेकडा राहायला आलेला असतो. त्याचं पोट मऊ असतं, त्यावर कवच नसतं, आणि अंग वाढलं की त्याला आणखी मोठा शंख शोधावा लागतो. आपण एक उचलला की त्याच्या घरांतलं एक कमी झालं.

श्रीविजयपुरमच्या सेल्युलर जेलसाठी एक साधा अंगभर पोशाख ठेव. जायच्या आधी सावरकरांचं 'माझी जन्मठेप' वाचून काढ. तिथल्या कोठडीत उभी राहशील तेव्हा वाचलेलं कामी येईल. बंगाल-पंजाबातल्या कैद्यांची नावंही तिथे कोरलेली आहेत, तीही थांबून वाच.

निघायच्या आदल्या रात्री सॅक भरून झाली की ती पाठीवर घेऊन तुमच्या इमारतीचे चारही मजले चढून बघ. दम लागला तर सॅकमधले कपडे कमी कर. औषधं, टोपी आणि बाटलीला हात लावू नकोस. एवढं करूनही मैत्रिणींपैकी एखादीचं काही राहिलंच, तर तुझ्यातलं तिला दे आणि त्यावरून बोलू नकोस.

पोचल्यावर आईला कळव. तिकडे रेंज नसेल तर दोन दिवस फोन येणार नाही, हे तिला आधीच सांगून ठेव, म्हणजे ती काळजी करत बसणार नाही.

तुझी,
मावशी