महशीरच्या तोंडात दात का नसतात?

लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा वीज कंपनीने १९७०च्या दशकापासून महशीर माशाचे प्रजनन चालविले आहे. या माशाच्या जबड्यावरून बोट फिरविले, तर एकही दात लागत नाही. तथापि कल्ल्यांच्या मागे, घशाच्या तळाशी हाडाच्या कमानीवर दात असतात. रोहू, कटला आणि प्रयोगशाळेतील झेब्रा मासा या त्याच्या भाऊबंदांचेही दात घशातच असतात. या भेदाचे कारण भ्रूणात सापडते.

झेब्रा माशाचा भ्रूण मातेच्या शरीराबाहेर वाढतो व पारदर्शक असतो. म्हणून त्यावर अभ्यास करणे सोयीचे ठरते. फलनानंतर सुमारे दोन दिवसांनी पहिल्या दाताचा अंकुर धरू लागतो. प्रत्येक पेशीत जवळजवळ तीच सर्व जनुके असतात. परंतु ग्रंथालयातील सर्व पुस्तके जशी एकाच वेळी उघडली जात नाहीत, तशीच जनुकेही ठरावीक जागी व ठरावीक वेळीच कार्यान्वित होतात. यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. कार्यान्वित जनुकापासून आर.एन.ए. तयार होतो. त्याला नेमका चिकटणारा व पुढे रंग देणारा रेणू वापरला, की दात उगवण्याची जागा सूक्ष्मदर्शकाखाली रंगीत ठिपक्यासारखी दिसते.

या ठिपक्यांत पिटएक्स-२, डीएलएक्स-२ आणि एसएचएच ही जनुके आढळतात. एफजीएफ नावाच्या प्रथिनांचा संदेश अडविला, तर दात तयारच होत नाहीत. झेब्रा माशाच्या तोंडाच्या अस्तरात मात्र डीएलएक्स-२ कार्यान्वित होत नाही. या गटाने तोंडातील दात किमान पाच कोटी वर्षांपूर्वी गमावले. दाताची जनुके मात्र गमावली नाहीत, कारण घशात ती आजही कामी येतात. पुढे संशोधकांनी ईडीए या जनुकाची अभिव्यक्ती वाढविली, तेव्हा घशाच्या वरच्या बाजूस, पूर्वजांना जेथे दात होते तेथे, पुन्हा दात उगवले. तोंडात मात्र उगवले नाहीत.

हेच ईडीए जनुक माणसातही आहे. डार्विनने १८७५ साली सिंधमधील एका हिंदू कुटुंबाची नोंद केली. चार पिढ्यांतील दहा पुरुषांना मोजकेच दात होते, अंगावर केस विरळ होते आणि उन्हाळ्यात त्वचेच्या अतिकोरडेपणाचा त्रास होई. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. दात, केस व घामाच्या ग्रंथी यांच्या घडणीत ईडीएचा संदेश लागतो, हे आज ज्ञात आहे. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने दोष बहुधा मातेकडून मुलाकडे येतो; त्यात मातेचा काहीही अपराध नसतो. कित्येकदा तो नव्यानेच उद्भवतो.

पालक व शिक्षकांनी एवढे अवश्य ध्यानी घ्यावे. एखाद्या बालकाचे दात फार उशिरा आले, ते अणकुचीदार व मोजकेच असले, घाम येत नसला आणि उन्हात ताप चढत असला, तर त्याला आळशी म्हणून मैदानात पळवू नये. त्याला सावलीत बसवावे, अंग ओल्या कापडाने पुसावे व डॉक्टरांकडे न्यावे. अशा बालकाला घाम येत नसल्याने अतिउष्णता जिवावर बेतू शकते. वेळीच ओळख पटली, तर तेच बालक इतरांबरोबर निर्धास्तपणे शिकू शकते.