'बिचारे' हा शब्द वगळून : सई परांजपे आणि मुलांसाठीचं काम



चौथीपर्यंतच्या मुलांना कोणता सिनेमा दाखवावा, असं कुणी विचारलं की आपल्याकडे उत्तर ठरलेलं असतं. 'श्यामची आई', नाहीतर मोबाईलवर मिळेल ते कार्टून. दोन्हींशी माझं भांडण नाही. पण मुलांसाठी पुस्तक, रेडिओ, नाटक, दूरदर्शन आणि सिनेमा अशा पाच ठिकाणी काम केलेल्या एक बाई आपल्या मराठीत आहेत आणि त्यांच्या या कामाबद्दल शाळांमधून फारसं बोललं जात नाही. त्या म्हणजे सई परांजपे. नाव काढलं की लोकांना 'चश्मेबद्दूर'मधली चमको पावडर आठवते. मला त्यांच्याबद्दल लिहायचंय ते वेगळ्या कारणासाठी. आमच्या तळीयेच्या भागात शिकवताना त्यांचा एक सिनेमा मला डी.एड.च्या बालमानसशास्त्राच्या पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडलाय.

आधी त्यांची ओळख करून घेऊ. सईंचा जन्म १९ मार्च १९३८ चा, लखनौचा. वडील युरा स्लेप्टझॉफ हे रशियन चित्रकार, जलरंगात काम करणारे. आई शकुंतला परांजपे. या शकुंतलाबाईंनी 'कुंकू' चित्रपटात काम केलं, र. धों. कर्व्यांच्या बरोबरीने संततिनियमनाचा प्रचार केला, पुढे राज्यसभेवरही गेल्या. आईवडील लवकरच वेगळे झाले आणि सई आईकडे, म्हणजे आजोबांच्या घरात वाढल्या. आजोबा म्हणजे रँग्लर परांजपे. केंब्रिजला १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय. ते मूळचे मुर्डीचे, म्हणजे आपल्या पलीकडच्या दापोली तालुक्यातले! कोकणातल्या मुलांना हे आवर्जून सांगावं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीला आजोबा ऑस्ट्रेलियात भारताचे उच्चायुक्त होते, त्यामुळे सईंची काही वर्षं तिकडे गेली. आणि वयाच्या आठव्या वर्षी त्यांचं पहिलं पुस्तक छापून आलं : 'मुलांचा मेवा'. आठवं वर्ष म्हणजे आपली तिसरीतली मुलगी, हे लक्षात घ्या.

आता घरात लिहिणारी-वाचणारी माणसं होती, पैसा होता, म्हणून हे जमलं असं कुणी म्हणेल. ते खरंच आहे. पण एक गोष्ट अशी आहे की जिला पैसा लागत नाही. पुण्याला फर्ग्युसनच्या टेकडीवर त्यांचे मामा अच्युत रानडे राहायचे. ते त्या काळातले चित्रपट दिग्दर्शक. छोटी सई चालत त्यांच्याकडे जायची आणि मामा तिला गोष्ट सांगायचे ती पटकथा सांगतात तशी. म्हणजे आधी काय दिसतं, मग कोण येतं, कुठून येतं, कुठला आवाज होतो, असं. 'एक राजा होता, तो फार दयाळू होता' असं नाही. राजा दयाळू आहे हे ऐकणाऱ्याने बघून ओळखायचं. भाषेच्या तासाला हे जरूर करून बघा. मुलांना सांगा, गोष्टीत 'चांगला', 'वाईट', 'गरीब' हे शब्द वापरायचे नाहीत, फक्त काय दिसतं आणि काय ऐकू येतं तेवढंच सांगायचं. एरवी चार ओळींत गोष्ट उरकणारी मुलं पंधरा-पंधरा मिनिटं बोलतात.

पुढे त्या पुणे आकाशवाणीवर निवेदिका झाल्या आणि तिथे मुलांचे कार्यक्रम त्यांनी केले. १९६३ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून शिकून बाहेर पडल्या. तेव्हा तिथे इब्राहिम अल्काझी संचालक होते. अरुण जोगळेकरांबरोबर पुण्यात मुलांचं नाटक उभं केलं. 'पत्तेनगरी', 'शेपटीचा शाप', 'झाली काय गंमत' ही त्यांची बालनाट्यं. नावं वाचूनच मूल हसतं की नाही बघा. स्नेहसंमेलन आलं की आपण दरवर्षी तीच व्यसनमुक्तीची आणि झाडे लावाची नाटुकली काढतो, त्यात मुलांना पाठ केलेले उपदेश म्हणायला लावतो. 'शेपटीचा शाप' या नावात उपदेश कुठे आहे सांगा.

मग बरीच वर्षं दिल्ली दूरदर्शन. तिथे केलेल्या 'द लिटल टी शॉप' या टीव्ही फिल्मला १९७२ मध्ये आशियाई प्रक्षेपण संघाचा पुरस्कार मिळाला. त्यानंतर बाल चित्र समिती. ही केंद्र सरकारची संस्था १९५५ मध्ये, नेहरूंच्या पुढाकाराने, फक्त मुलांचे सिनेमे काढायला सुरू झाली होती. तिच्यासाठी सईंनी 'जादू का शंख' (१९७४), 'सिकंदर' (१९७६) असे चित्रपट केले आणि त्या दोन वेळा समितीच्या अध्यक्षही होत्या. 'स्पर्श', 'चश्मेबद्दूर', 'कथा' करून मोठं नाव झाल्यावरही त्या मुलांकडे परत आल्या : 'भागो भूत' (२०००) आणि स्वच्छता-पर्यावरणावरचा 'चकाचक' (२००५). २००६ मध्ये पद्मभूषण. मुलांसाठीचं काम म्हणजे शिकाऊ दिवसांतलं काम, जमलं की मोठ्यांकडे वळायचं, असं आपल्याकडे सगळ्याच क्षेत्रांत मानतात. प्राथमिक शिक्षकाला हे वेगळं सांगायला नको. 'मग हायस्कूलला कधी जाणार?' हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे.

बाल चित्र समितीचं एक दुखणं होतं. सिनेमे निघायचे, पण आपल्यासारख्या गावांपर्यंत ते क्वचितच यायचे. थिएटरवाला लावत नाही, शाळेत पडदा नाही. २०२२ मध्ये ती समिती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली.

आता मुख्य मुद्द्यावर येते. 'स्पर्श' (१९८०) हा तसा मोठ्यांचा सिनेमा, पण तो घडतो अंध मुलांच्या शाळेत. चित्रीकरण बरंचसं दिल्लीच्या ब्लाइंड रिलीफ असोसिएशनच्या शाळेत झालं आणि पडद्यावरची मुलं तिथलीच. मुख्याध्यापकाचं पात्र, अनिरुद्ध, हे तिथल्या खऱ्या मुख्याध्यापकांवरून सुचलेलं. ते काम नसीरुद्दीन शाहांनी केलं आणि त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सईंना पटकथेचा मिळाला. शबाना आझमींची कविता ही तरुण विधवा. ती शाळेत मुलांना गाणी, गोष्टी, हस्तकाम शिकवायला येते. आणि अनिरुद्धची तिला सुरुवातीलाच अट : इथे 'बेचारे' हा शब्द चालणार नाही. मुलांना मदत हवी आहे, दया नको.

हे वाक्य पोस्टरवर लिहायला सोपं आहे. पण सईंनी ते तिथेच सोडलं नाही, म्हणून तो सिनेमा मोठा. ऑफिसात कविता अनिरुद्धला कॉफी करून द्यायला जाते आणि तो भडकतो. मला येत नाही असं वाटलं का तुला? म्हणजे त्याचा स्वाभिमान इतका कडक झालाय की साधं प्रेमाने पुढे केलेलं भांडंही त्याला भीक वाटतं. पुढे दोघांचं लग्न ठरतं आणि तो ते मोडतो, कारण ती आपल्यावर उपकार करतेय असं त्याच्या मनात बसतं. दया करणाऱ्याचं चुकतंच, पण दया नको म्हणता म्हणता माया पण नको म्हणणाऱ्याचं काय होतं, हेही सिनेमा दाखवतो. मुलांच्या शाळेत घडणारी ही गोष्ट मोठ्यांना चांगलीच टोचते.

आता हे आमच्याकडे कुठे लागतं ते सांगते. २२ जुलै २०२१ ला संध्याकाळी तळीयेच्या वाडीवर डोंगर खाली आला. ऐंशीहून अधिक माणसं गेली. वर्तमानपत्रांत सगळ्यांनी वाचलंय, मी परत लिहीत नाही. त्यानंतर मदत आली, खूप आली, आणि ती लागतच होती. पण मदतीबरोबर 'बिचारी पोरं' पण आली. बाहेरून पाहुणे यायचे, मुलांना ओळीत उभं करायचे, दप्तर हातात द्यायचे, फोटो. एकाने तर सगळ्यांसमोर एका मुलाला विचारलं, "तुझं कोण कोण गेलं रे?" मूल गप्प. शेजारच्या मुलीने त्याच्या वतीने उत्तर दिलं, पाढा म्हटल्यासारखं. कारण तोपर्यंत तिला ते पाठ झालं होतं. कुणाचं नाव घेत नाही, हेतू वाईट नव्हता. पण आपलं दुःख ही पाहुण्यांना सांगायची कविता आहे, असं मूल शिकलं तर पुढे काय? आणि दुसऱ्या टोकाची मुलं पण आहेत. खोडरबर नसलं तर चुकीवर रेघ मारतील, पण शेजारच्याकडे मागणार नाहीत. दिलं तरी घेणार नाहीत. अनिरुद्धची कॉफी आमच्या वर्गात खोडरबराच्या रूपात रोज दिसते.

आज चौथीत असलेली मुलं तेव्हा अंगणवाडीच्या वयाची होती. त्यांना जे माहीत आहे त्यातलं बरंचसं मोठ्यांच्या बोलण्यातून आलेलं. म्हणून पालकांना हात जोडून सांगते, मुलासमोर त्याचीच गोष्ट दुसऱ्याला सांगताना जपा. शासकीय कागदावर 'आपद्ग्रस्त' लिहावं लागतं, ते लिहा, त्याचे लाभ मुलाला मिळालेच पाहिजेत. पण हजेरी घेताना, गट पाडताना, बक्षीस देताना तो शब्द नको.

'स्पर्श' अख्खा प्राथमिकच्या मुलांना दाखवू नका, त्यातली लग्नाची गुंतागुंत त्यांना कंटाळवाणी होईल. आधी आपण शिक्षकांनी बघावा. मुलांना शाळेतले प्रसंग तेवढे दाखवावेत. आमच्या मुलांना हिंदी बऱ्यापैकी कळतं, अडलं की थांबवून विचारतात. त्यानंतर डोळे बांधून एक उपक्रम घेतला : पाच वाट्यांत नाचणी, वरी, भात, तीळ आणि कुळीथ. हाताने ओळखायचं. वरी आणि तीळ यांत मोठी माणसं चुकली, मुलं चुकली नाहीत. मग एक फिरवून प्रश्न विचारला, आता कुणी म्हटलं 'बिचारा, याला दिसत नाही' तर? एक जण म्हणाला, "त्याला सांगेन, तू ओळखून दाखव." या तासाला दरडीचा विषय कुणीही काढला नाही, मी पण नाही. काढायची गरज नसते, ज्याला जे घ्यायचं ते तो घेतो.

इथे थोडं रशियाकडे वळते, कारण सईंच्या वडिलांच्या देशात हा प्रश्न फार आधीपासून हाताळला गेलाय. मॉस्कोत १९३६ मध्ये केवळ मुलांच्या सिनेमासाठी वेगळा स्टुडिओ निघाला होता. तिथल्या रोलान बीकोव्ह (१९२९–१९९८) या नट-दिग्दर्शकाने आयुष्यभर मुलांचे सिनेमे केले. त्याचा 'चुचेला', म्हणजे बुजगावणं, हा १९८० च्या दशकातला सिनेमा सहावीच्या वर्गाचा आहे. लेना नावाची नवीन मुलगी वर्गात येते. तिचे आजोबा ठिगळं लावलेला कोट घालून चित्रं गोळा करतात म्हणून गावात चेष्टेचा विषय. ज्या मुलाशी तिची मैत्री होते त्याने बाईंना वर्गाचं गुपित सांगितलेलं असतं. दोष ती स्वतःवर घेते, आणि तो गप्प राहतो. सगळा वर्ग तिला वाळीत टाकतो, तिचं बुजगावणं करून जाळतो. शिक्षिकेला यातलं काही दिसतच नाही, ती आपल्याच लग्नाच्या गडबडीत. सिनेमा कडक आहे, सहावीच्या खाली मुळीच नको. पण बीकोव्ह आणि सई यांच्यात मला एक साम्य वाटतं. मुलांच्या जगात घडतं ते लहान असतं असं दोघंही मानत नाहीत. फरक इतकाच की बीकोव्ह रडवतो, आणि सई हसवता हसवता तिथेच नेऊन सोडतात.

हसवण्याचं उदाहरण 'कथा' (१९८३). स. ग. साठ्यांच्या 'ससा आणि कासव' या मराठी नाटकावरून घेतलेला. ससा-कासवाची गोष्ट मुंबईच्या चाळीत. पहिलीच्या पुस्तकातली गोष्ट मोठेपणी तशीच घडते का, हा प्रश्न सातवीच्या मुलांना विचारून बघा.

पालकांसाठी मात्र मी 'दिशा' (१९९०) सुचवेन. गावाकडचे दोघे मुंबईला गिरणीत जातात, एका खोलीत दाटीवाटीने राहतात. मागे गावात एकाचा भाऊ बारा वर्षं एकटा विहीर खणतोय, सगळे त्याला वेडा म्हणतात, आणि शेवटी पाणी लागतं. महाड-पोलादपुरात गिरणीत गेलेला चाकरमानी नाही असं घर शोधावं लागेल. आजोबा, वडील, काका कुणीतरी त्या खोलीत राहिलेलं असतंच. पालक सभेला निम्मे पालक मुंबईत असतात आणि आजी येते. आजीला हा सिनेमा दाखवा, मुलं शेजारी बसतील, मग आजोबांच्या खोलीबद्दल तिला विचारतील. दूरस्थ पालकांना मुलाशी फोनवर काय बोलायचं कळत नाही, 'अभ्यास केला का' यापुढे गाडी जात नाही. त्यांच्यासाठीही हा विषय मिळतो.

दाखवण्याच्या अडचणी आहेतच. आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळे सिनेमा दिवाळीनंतरच ठेवा. खिडक्यांना गोणपाट लावलं की वर्गात पुरेसा अंधार होतो. पण लहान मुलांच्या वर्गात दार थोडं उघडं असू द्या आणि अंधार करण्यापूर्वी तसं सांगा. आमच्यातल्या काहींना अचानक अंधार आणि मोठा आवाज सोसत नाही. दोन तासांचा सिनेमा एका दिवसात संपवू नका, तीन तासिकांत करा. मध्ये थांबलं की मुलं दुसऱ्या दिवशी येताना पुढची गोष्ट स्वतःच रचून आणतात, आणि ती लिहून घेता येते.

सईंचं आत्मकथन 'सय' (२०१६) शाळेच्या ग्रंथालयात असावं. 'जादू का शंख' किंवा 'सिकंदर' कुणी मुलांना दाखवला असेल तर मुलं कुठे हसली आणि कुठे चुळबुळली, ते मला नक्की कळवा.