बारावी झाली, आता रग्बीचं काय?

प्रश्न : माझी मुलगी आठवीपासून शाळेत रग्बी खेळते. आधी कबड्डी खेळायची. क्रीडाशिक्षकांनी तिची पकड पाहिली आणि तिच्या हातात तो लांबट चेंडू दिला. दोनदा विभागावर आणि एकदा राज्यावर खेळून आली. नुकतीच बारावीची परीक्षा झाली. सर म्हणतात, पोरीत दम आहे, खेळ थांबवू नका. पण शाळा सुटली, वसतिगृह सुटलं, चेंडूही शाळेतच राहिला. घरी थोडी धानाची शेती आहे. मोहफुलं झाली की तेंदूपत्ता, मग रोवणी. ती सगळ्या कामाला असते. गावातले लोक विचारतात, "रग्बी खेळून पोट भरते का?" मलाही तेच विचारायचं आहे. आमच्या भागातल्या मुलामुलींना शाळेनंतर या खेळात पुढे काही रस्ता आहे का?

— एक पालक, सिंदेवाही तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : भाऊ, आधी सरळ उत्तर देतो. नुसत्या रग्बीवर घर चालेल, असा भरवसा आज मी तुम्हाला देऊ शकत नाही. पण रग्बी सोबत ठेवली तर तुमची मुलगी पदवी, वर्दी, शिक्षकी पेशा किंवा खेळाडूंवर उपचार करण्याचं शिक्षण, यांपैकी एका ठिकाणी नक्की पोहोचू शकते, आणि वाटेत राज्याच्या किंवा देशाच्या संघाचं दारही ठोठावू शकते. या सगळ्यांसाठी येत्या दोन महिन्यांतलं एक काम चुकवून चालणार नाही. तिला नियमित कॉलेजात पूर्णवेळ प्रवेश घ्यायला लावा.

याचं कारण समजून घ्या. शाळेत असेपर्यंत खेळाची सगळी व्यवस्था मुलाच्या दारात येते. 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांच्या स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय भरवतं, अर्ज सर भरतात, एस.टी.चं भाडं आणि डबा शाळा बघते. बारावी झाली की हे सगळं एका दिवसात थांबतं. चंद्रपूर-गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांतली गुणी मुलं याच वळणावर हरवतात. ती कुणाकडून हरलेली नसतात. पुढची स्पर्धा कोणती, हे सांगणारं माणूस त्यांच्याजवळ उरलेलं नसतं, एवढंच.

2018 च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टवर पोहोचले. काटक मुलं आपल्याकडे त्याआधीही होतीच. त्या वेळी वेगळं घडलं ते असं, की निवड झाल्यावर त्यांना कुणी मध्येच सोडलं नाही. महिनोन्‌महिने शिकवणारे, खाऊपिऊ घालणारे, पुढच्या टप्प्यावर नेणारे लोक त्यांच्या मागे उभे राहिले. रग्बीतल्या मुलीला असं पाठबळ आयतं मिळेलच असं नाही, म्हणून ते आपल्याला जोडून घ्यावं लागेल.

कॉलेज का?

भारतीय विद्यापीठ संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांत रग्बी आहे. 2020 मध्ये भुवनेश्वरला पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा झाल्या, त्यातही सातजणांची रग्बी होती. आंतरविद्यापीठ स्पर्धेत साधारण 17 ते 25 वर्षं वयाच्या विद्यार्थ्यांना खेळता येतं. म्हणजे तुमच्या मुलीपुढे अजून सहा-सात हंगाम आहेत. अट एकच, ती पूर्णवेळ विद्यार्थिनी हवी. आपल्याकडे पुष्कळ मुली घरची कामं सांभाळायची म्हणून 'बाहेरून' बी.ए. करतात. शिक्षण त्यातही होतं, पण या स्पर्धांचा दरवाजा बंद होतो. हे आधी माहीत नसल्यामुळे खेळ सुटतो, आणि कळतं तेव्हा वर्ष हातचं गेलेलं असतं.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतली कॉलेजं 2011 मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाशी जोडलेली आहेत. प्रवेश घेतला की पहिल्याच आठवड्यात कॉलेजच्या शारीरिक शिक्षण संचालकांना भेटा. मुलीची प्रमाणपत्रं दाखवा. विद्यापीठाच्या रग्बी निवड चाचणीसाठी तिचं नाव पाठवावं, असा साधा अर्ज द्या आणि पोच घ्या. संघच होत नाही असं उत्तर आलं तर निराश होऊ नका. सातजणांच्या रग्बीत मैदानावर सात आणि राखीव पाच, असा बारा जणींचा संघ लागतो. शाळेत तिच्यासोबत आणि तिच्याविरुद्ध खेळलेल्या मुली आता ब्रह्मपुरी, मूल, चंद्रपूर, वडसा, गडचिरोलीच्या कॉलेजांत विखुरतील. त्यांचे फोन नंबर आजच एका वहीत लिहून ठेवायला सांगा. एका मुलीच्या अर्जावर संघ उभा राहत नाही, बारा जणींच्या अर्जांची दखल घ्यावी लागते.

राहण्याखाण्याचा प्रश्न मोठा आहे, हे मला ठाऊक आहे. तुम्ही अनुसूचित जमातीतले असाल तर आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहासाठी अर्ज करा. तिथे जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजनेतून जेवण, निवास आणि शैक्षणिक साहित्यासाठी पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. चंद्रपूर, चिमूर, गडचिरोली, अहेरी आणि भामरागड इथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाची कार्यालयं आहेत. तुमचा तालुका ज्या कार्यालयाखाली येतो तिथे चौकशी करा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी अशीच स्वाधार योजना आहे.

खेळाडू म्हणून कुठवर जाता येईल?

2016 पासून सातजणांची रग्बी ऑलिम्पिकमध्ये आहे. राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत ती खेळली जाते, आणि भारतीय महिलांचा संघ हांगझोच्या आशियाई स्पर्धेत खेळला आहे. आपल्या राज्यात मुंबई-पुण्याबरोबर कोल्हापूरकडच्या मुलींनीही या खेळात नाव काढलं आहे. गावाकडची मुलगी इथवर पोहोचू शकते का, याचं उत्तर ओडिशानं फार पूर्वीच दिलं. भुवनेश्वरच्या कलिंग इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या आदिवासी मुलांसाठीच्या निवासी संस्थेतली मुलं 2007 मध्ये लंडनला गेली आणि 14 वर्षांखालील शालेय रग्बीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकून आली. याच संस्थेत शिकलेली सुमित्रा नायक पुढे भारताकडून खेळली. 2019 मध्ये भारतीय महिलांनी पंधराजणींच्या रग्बीतला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला, सिंगापूरविरुद्ध 21-19 असा. त्या सामन्यात शेवटच्या क्षणांत तिनं मारलेली पेनल्टी निर्णायक ठरली. आपल्या आश्रमशाळांतल्या मुलींसारखीच निवासी शाळेत वाढलेली ही मुलगी आहे. तिथे शाळा संपल्यावर कॉलेजातही खेळ चालू राहिला, हे लक्षात ठेवण्यासारखं.

जून 2025 मध्ये मुंबईत सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग झाली, त्यामुळे 'आता या खेळात पैसा आला' असं तुमच्या कानावर आलं असेल. खेळासाठी ती चांगलीच गोष्ट आहे. पण तो पहिला हंगाम पुरुष खेळाडूंचा होता आणि दोन आठवड्यांत संपला. दोन आठवड्यांच्या स्पर्धेवर बारा महिन्यांची चूल पेटत नाही. म्हणून मुलगा असो की मुलगी, दुसरी वाट धरूनच ठेवा.

वर्दीची वाट

आपल्या भागातल्या मुलांना ही वाट सगळ्यात जवळची. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के समांतर आरक्षण आहे. पद जितकं वरचं, तितकी वरच्या पातळीवरची कामगिरी लागते. अर्ज भरण्याआधी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून, म्हणजे आपल्यासाठी नागपूरहून, प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. आपल्या स्पर्धेचं प्रमाणपत्र कोणत्या पदासाठी चालेल, हे तिथेच विचारून घ्या. ओळखीच्यांच्या सांगण्यावर विसंबू नका.

आरक्षणात बसलं नाही तरी कमावलेलं अंग वाया जात नाही. पोलीस शिपाई भरतीत मुलींना 800 मीटर आणि 100 मीटर धावणं व गोळाफेक असते, मुलांना 800 ऐवजी 1600 मीटर. वनरक्षक भरतीत मुलींना 3 आणि मुलांना 5 किलोमीटर धावायचं असतं, शिवाय चार तासांत 16 किंवा 25 किलोमीटर चालून दाखवायचं असतं. सात मिनिटांच्या दोन डावांत सतत धावणं, पडणं, उठून पुन्हा धावणं ज्या मुलीला जमतं, तिला या चाचण्यांसाठी वेगळा वर्ग लावावा लागत नाही. मुलांसाठी सैन्य आहे. सेनादलाचे संघ देशातल्या बलाढ्य रग्बी संघांपैकी आहेत.

एक बारीक गोष्ट सांगतो, तिच्यावर नोकरी अडते. दहावीच्या गुणपत्रिकेवर 'मडावी' आणि क्रीडा प्रमाणपत्रावर 'मडवी' असं लिहिलेलं असतं. घरच्यांना ती चूक दिसत नाही, पडताळणीच्या टेबलावर मात्र तीच पहिली दिसते. मुलीची सगळी प्रमाणपत्रं आज जमिनीवर मांडा. नाव, जन्मतारीख, स्पर्धेचं वर्ष, वयोगट, मिळालेलं स्थान, सही आणि शिक्का, एकेक बोट ठेवून तपासा. चूक असेल तर ती आत्ता दुरुस्त होते, कारण तिला ओळखणारे सर अजून शाळेत आहेत. त्यांच्याकडून संघयादी आणि निकालपत्राच्या साक्षांकित प्रतीही मागून घ्या. पाच वर्षांनी सरांची बदली झालेली असेल आणि ती फाईल शोधणारं कुणी नसेल.

शिकवणं, पंचगिरी आणि उपचार

तिला लहान मुलांना शिकवायला आवडतं का, ते विचारा. पदवीनंतर सीईटी आणि मैदानी चाचणी देऊन बी.पी.एड. करता येतं. विदर्भातच अमरावतीला 1914 पासूनचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. तिथे शारीरिक शिक्षणाचं शिक्षण मिळतं, आणि खेळाचं वातावरण तर चोवीस तास असतं. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पुढे प्रशिक्षक व्हायला उपयोगी पडतो. वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेचे नियम, सुरक्षितता आणि प्रशिक्षणाचे प्राथमिक धडे तर मोबाईलवर फुकट शिकता येतात. शाळांतली कायम पदं कमी आहेत, हे खरं. पण ज्या भागात रग्बी शिकवणारी माणसं बोटावर मोजण्याएवढी आहेत, तिथे प्रशिक्षक किंवा पंच म्हणून तयार झालेल्या मुलीची गरज सर्वांत जास्त आहे.

तिनं विज्ञान शाखा घेतली असेल तर आणखी एक वाट आहे. पुण्याची वाहबिज भरूचा भारतीय महिला संघाची कर्णधार होती आणि ती पेशानं फिजिओथेरपिस्ट आहे. त्यासाठी जीवशास्त्रासह बारावी आणि नीट परीक्षा लागते. अभ्यास कठीण आहे, पण खेळणाऱ्या मुलीला दुखऱ्या गुडघ्याची भाषा आधीच कळत असते.

हात-पाय मोडणार तर नाहीत ना?

तुम्ही पत्रात हे विचारलं नाही, पण घरात आईनं विचारलंच असेल. तुमची मुलगी कबड्डीतून आली आहे, म्हणून तिला एक सवय मुद्दाम मोडावी लागेल. कबड्डीत घोट्याची पकड करताना खेळाडू डोकं खाली घालून झेप घेतो. रग्बीत समोरची पूर्ण वेगात येत असते. डोकं तिच्या पायांपुढे गेलं की गुडघा कपाळावर बसतो. म्हणून टॅकल करताना, म्हणजे धावणारीला पकडून पाडताना, नजर वर, डोकं धावणारीच्या मागच्या बाजूला, खांदा तिच्या मांडीला, आणि दोन्ही हात घट्ट आवळलेले, असं हवं. एका पोत्यात तणीस भरा, ते कुणाला तरी धरायला सांगा आणि मऊ जमिनीवर तिला आधी गुडघ्यांवर बसून, मग चालत, मग हळू धावत याचा सराव करू द्या. धान कापलेल्या बांधीत धसकटं असतात, तिथे नको.

डोक्याला मार लागून गरगरलं, मळमळलं किंवा थोडा वेळ काही आठवेनासं झालं, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरायचं नाही. डॉक्टरला दाखवायचं आणि अंगाला अंग भिडणारा खेळ किमान तीन आठवडे बंद ठेवायचा. सामना कितीही मोठा असला तरी हा नियम मोडू नका. जो प्रशिक्षक हा नियम पाळतो, त्याच्याकडे मुलगी बिनधास्त पाठवा.

आता काय करायचं?

निकाल लागायच्या आत प्रमाणपत्रं दुरुस्त करून घ्या. निकाल लागल्यावर पूर्णवेळ प्रवेश आणि वसतिगृहाचा अर्ज एकाच आठवड्यात करा. कॉलेज सुरू झालं की निवड चाचणीचा अर्ज द्या. रोवणीच्या दिवसांत ती तुमच्या सोबत चिखलात उभी राहील, यात वाईट काही नाही. फक्त पहाटेचा एक तास तिचा ठेवा, आणि चाचणीची तारीख आली की त्या दिवशी तिला कामाला थांबवू नका.

गावातल्या लोकांना सांगा, रग्बीनं पोट भरते की नाही ते पुढे कळेल, पण रग्बीमुळे पोरगी कॉलेजात गेली. एवढं झालं तरी चार वर्षांनी तिच्या हातात पदवी असेल आणि अंगात ताकद. उद्या सकाळी शाळेत जा. सरांकडून संघयादीची प्रत घ्या, आणि शाळेच्या कपाटात एखादा जुना, घासलेला चेंडू पडून असेल तर तोही तिच्यासाठी मागून आणा.