टीव्हीवर जिंकणं वेगळं, बाजारात टिकणं वेगळं: टॅलेंट शोमधून छोट्या उद्योजकांनी घ्यायचे ५ धडे



या आठवड्याच्या व्हिडिओत मी एक प्रश्न विचारला होता. २००५ साली 'फेम गुरुकुल' नावाचा गाण्याचा शो टीव्हीवर आला होता. तो कोण जिंकलं? बहुतेकांना आठवलं नाही. उत्तर आहे काझी तौकीर आणि रूपरेखा बॅनर्जी. त्याच शोमधून एक मुलगा अंतिम फेरीच्या आधीच बाहेर पडला होता. त्याचं नाव अरिजीत सिंग. ते मात्र घराघरात माहीत आहे.

जिंकलेल्यांना कमी लेखायचं म्हणून मी हे सांगत नाही. लाखोंच्या गर्दीतून तिथपर्यंत पोचणं हीच मोठी गोष्ट आहे. मला यातून तुमच्या धंद्याबद्दल बोलायचंय. कारण आज ना उद्या तुमच्याही वाट्याला असा एक 'टीव्हीवाला' महिना येणार आहे. एखादं रील चालेल, पेपरात फोटो येईल, महिला बचत गटाच्या प्रदर्शनात स्टॉलवर रांग लागेल. त्या महिन्यात तुम्ही काय करता, यावर पुढची पाच वर्षं ठरतात.

आधी माझी चूक सांगतो

व्हिडिओत वेळ कमी होता, म्हणून इथे सविस्तर लिहितो. २०१२ मध्ये मी आणि माझी बायको घरून चटण्या-मसाले करून विकायचो. एका पेपरात आमच्यावर छोटा लेख आला, फोटोसकट. पुढचे दहा दिवस फोन खाली ठेवायला उसंत नव्हती. मला वाटलं, आता आपण सुटलो!

मी काय केलं? ६०,००० रुपये डिपॉझिट भरून, महिना १२,००० भाड्याने गाळा घेतला. दोन बायका पगारावर ठेवल्या. मिरची कांडपाचं मशीन कर्ज काढून आणलं. तिसऱ्या महिन्यात ऑर्डरी पुन्हा आधीच्या आकड्यावर आल्या, पण भाडं, पगार आणि हप्ता तिथेच राहिला. अकराव्या महिन्यात गाळा सोडला, तेव्हा बायकोच्या बांगड्या गहाण पडल्या होत्या.

यात चूक फक्त माझी होती. सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट म्हणजे, त्या दहा दिवसांत ज्यांनी फोन केले त्यांची यादीसुद्धा माझ्याकडे नव्हती. त्या काळात मला जगवलं ते दर महिन्याला ठरलेला पाच-पाच किलो मसाला नेणाऱ्या तीन खानावळींनी. त्यांनी तो लेख वाचलाही नव्हता.

आता टीव्हीकडे वळू.

धडा १: मंच उधारीचा असतो

'इंडियन आयडॉल'चा पहिला सीझन मुंबईच्या अभिजीत सावंतने जिंकला, मार्च २००५ मध्ये. ज्यांनी तो काळ पाहिलाय त्यांना आठवत असेल, काय वेड होतं! एसएमएस करण्यासाठी लोक रिचार्ज मारायचे. लगेच त्याचा अल्बम आला, तोही गाजला.

पण शोचं गणित बघा. २००६ ला दुसरा विजेता आला, २००७ ला तिसरा. चॅनेलला दर सीझनला नवा चेहरा लागतो, तोच त्यांचा माल आहे. म्हणजे ज्या मशीनने तुम्हाला मोठं केलं, तेच मशीन वर्षभरात तुमच्या जागी दुसऱ्याला उभं करतं. यात कोणाचा दुष्टपणा नाही, त्यांचा धंदाच तसा आहे. अभिजीत पुढेही गात राहिला, चित्रपटात काम केलं आणि २०२४ च्या 'बिग बॉस मराठी'त दुसरा आला. जवळपास वीस वर्षं लोकांसमोर राहणं सोपं नाही, पण ती वर्षं त्याची त्यालाच उभी करावी लागली.

तुमच्याकडे उधारीचे मंच कोणते? इन्स्टाग्राम, प्रदर्शन, फूड डिलिव्हरी ॲप, कोणाच्या तरी दुकानातलं शेल्फ. तिथे जरूर जा. पण तिथून परत येताना गिऱ्हाइकाचं नाव आणि नंबर स्वतःच्या वहीत आणा. ती वही तुमची, बाकी सगळं त्यांचं.

धडा २: मत देणारा आणि पैसे देणारा एकच नसतो

तिसऱ्या सीझनचा विजेता प्रशांत तमांग. दार्जिलिंगचा मुलगा, कोलकाता पोलिसांत कॉन्स्टेबल. त्याच्यासाठी दार्जिलिंग, सिक्कीम आणि नेपाळी बोलणाऱ्या सगळ्या पट्ट्यात लोकांनी फॅन क्लब काढले, मतांसाठी वर्गणी गोळा केली. 'आपला माणूस टीव्हीवर आहे' ही भावना त्यामागे होती.

आता विचार करा. आपल्या माणसाला मत देणं वेगळं आणि वर्षभर त्याची गाणी ऐकणं, तिकीट काढून सिनेमा बघणं वेगळं. प्रशांतने पुढे काय केलं हे शिकण्यासारखं आहे. त्याने नेपाळी गाणी आणि नेपाळी चित्रपटांत काम केलं. २०१० चा त्याचा 'गोरखा पल्टन' लोकांना आवडला. ज्यांनी त्याला मनापासून आपलं मानलं होतं, त्यांच्याच भाषेत तो त्यांच्यापर्यंत गेला.

आपल्याकडे हे रोज घडतं. नातेवाईक म्हणतात, "वा, काय सुंदर पर्स शिवल्यास!" व्हॉट्सॲप ग्रुपवर पन्नास अंगठे येतात. ती मतं झाली. ती घ्या, आनंद माना, पण त्यावर माल भरू नका. ज्याने एकदा पैसे देऊन घेतलं आणि स्वतःहून दुसऱ्यांदा आला, तो गिऱ्हाईक. बाकी सगळे प्रेक्षक.

धडा ३: मधली वर्षं कोणी दाखवत नाही

अरिजीतकडे परत येऊ. 'फेम गुरुकुल' २००५. 'आशिकी २' मधल्या गाण्याने तो देशभर पोचला ते २०१३ मध्ये. मधे आठ वर्षं गेली. या आठ वर्षांत काय झालं?

तो आणखी एका स्पर्धेत उतरला, '१० के १० ले गये दिल'. ती जिंकला आणि बक्षिसाच्या पैशातून मुंबईत स्वतःचा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ उभा केला. मग प्रीतमसारख्या संगीतकारांकडे पडद्यामागे म्युझिक प्रोग्रॅमिंगचं काम केलं. म्हणजे गाणं कसं बनतं हे आतून शिकला. चित्रपटासाठी त्याचा आवाज २०११ मध्ये 'मर्डर २' मध्ये आला, त्यानंतरही दोन वर्षं गेली.

बक्षिसाचे पैसे कुठे गेले ते बघा. रोज काम करता येईल अशा साधनात. तुम्ही म्हणाल, मीही तर कांडप मशीन घेतलं होतं! फरक असा की मी उद्याच्या ऑर्डरींच्या भरवशावर कर्ज काढलं आणि त्याने हातात आलेले पैसे वापरले. हा फरक मला कळायला बांगड्या गहाण पडाव्या लागल्या.

आणखी दोन उदाहरणं पटकन. कपिल शर्माने 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज'चा तिसरा सीझन २००७ मध्ये जिंकला. त्याचा स्वतःचा 'कॉमेडी नाईट्स विथ कपिल' आला २०१३ मध्ये. मधली वर्षं तो 'कॉमेडी सर्कस'मध्ये दर आठवड्याला नवं काहीतरी करून दाखवत होता. आणि मग जो शो आला, त्याच्या निर्मितीतही त्याची कंपनी होती. दुसरी नेहा कक्कर. 'इंडियन आयडॉल'च्या दुसऱ्या सीझनमधून ती बाहेर पडली होती, पुढे त्याच शोमध्ये परीक्षकाच्या खुर्चीत बसली.

धडा ४: पाच जण, पाच चवी

आता आपल्या घरातलं उदाहरण. झी मराठीवरचं 'सा रे ग म प लिटल चॅम्प्स', २००८-०९. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत. महाराष्ट्र त्यांना पंचरत्न म्हणायला लागला. विजेती एकच, कार्तिकी. पण २०२१ मध्ये नवा सीझन आला तेव्हा हे पाचही जण ज्युरी म्हणून एकत्र बसले होते. बारा वर्षांनी!

पाचही कसे टिकले? मला दिसतं ते असं. कार्तिकी म्हटलं की आळंदीचा अभंगाचा सूर आठवतो. प्रथमेश म्हटलं की नाट्यसंगीत आणि शास्त्रीय बैठक. आर्या भावगीतांत रमली आणि २०१७ मध्ये 'ती सध्या काय करते'मध्ये पडद्यावरही दिसली. लातूरचा रोहित नव्या पद्धतीच्या जोशातल्या गाण्यांचा. तो तर पुढे मोठा होऊन 'इंडियन आयडॉल'च्या अकराव्या सीझनमध्ये उतरला आणि २०२० मध्ये दुसरा आला. पुन्हा स्पर्धेत उभं राहायला त्याने लाज बाळगली नाही. मुग्धा सगळ्यात छोटी, 'लिटल मॉनिटर' म्हणून लोकांच्या मनात बसली आणि पुढे गाण्याची साधना चालू ठेवली.

कोणीही दुसऱ्याची नक्कल करायला गेलं नाही. तुमच्या गल्लीत पाच जणी दिवाळीचा फराळ करत असतील तर घाबरू नका. फक्त एवढं ठरवा की लोकांनी तुमचं नाव कशासाठी घ्यायचं. "चकली हवी असेल तर त्या पिंपळाजवळच्या काकूंकडेच जा," हे वाक्य तयार झालं की तुम्ही जिंकलात. सगळंच चांगलं करणाऱ्याचं नाव पटकन कोणाच्या तोंडात येत नाही.

धडा ५: स्पर्धक बदलतात, पद्धत टिकते

सगळ्यात टिकाऊ कोण? खुद्द शो! 'सा रे ग म' १९९५ मध्ये झी टीव्हीवर सुरू झाला, तेव्हा सूत्रसंचालन सोनू निगम करायचा. सूत्रसंचालक बदलले, परीक्षक बदलले, नावात 'प' आला, वेगवेगळ्या भाषांत आवृत्त्या निघाल्या. 'इंडियन आयडॉल' तर मूळचा ब्रिटनचा, २००१ च्या 'पॉप आयडॉल'वरून आलेला. सायमन फुलर यांनी एक आराखडा तयार केला: ऑडिशन, परीक्षक, दर आठवड्याला एक बाहेर, लोकांचं मत, महाअंतिम सोहळा. तो आराखडा देशोदेशी विकला गेला. देश कुठलाही असो, भाषा कुठलीही असो, तुम्ही शो बघताच ओळखता.

याला म्हणतात सिस्टीम. तुमच्या मसाल्याचं प्रमाण तुमच्या हाताच्या अंदाजात आहे की कागदावर? तुम्ही आठ दिवस आजारी पडलात तर चव तीच राहील का? प्रमाण लिहा, क्रम लिहा, पॅकिंग कसं करायचं तेही लिहा. माणूस बदलला तरी चव बदलली नाही पाहिजे.

एक खरी गोष्ट, जी मोटिव्हेशनवाले सांगत नाहीत

आपण टिकलेल्यांचीच नावं घेतो. अरिजीतएवढेच कष्ट करूनही पुढे न आलेले कितीतरी असतील, त्यांची नावं आपल्याला माहीतच नाहीत. नशीब असतं, वेळ असते, घरची परिस्थिती असते. म्हणून "कष्ट करा, मिळेलच" असं मी म्हणणार नाही. मी एवढंच म्हणेन की प्रसिद्धी ओसरली त्या दिवशी डोक्यावर कर्ज नसेल, हातात काम असेल आणि वहीत नंबर असतील, तर तुम्हाला दुसरी संधी घेता येते. माझ्याकडे पहिल्या वेळी यातलं एकही नव्हतं.

आजचा गृहपाठ

१. पुढच्या प्रदर्शनात एक वही आणि पेन बांधून ठेवा. घेणाऱ्या प्रत्येकाला विचारा, "नंबर लिहिता का? नवीन माल आला की कळवेन."

२. पंधरा दिवसांनी प्रत्येकाला स्वतः फोन करा. माल विकायला नको, "चव कशी वाटली?" एवढंच विचारायला.

३. महिन्याने मोजा. समजा १२० जणांनी घेतलं, ६० जणांनी नंबर दिला आणि १८ जण परत आले. तुमचा धंदा १८ जणांचा आहे. भाडं, पगार, कर्ज सगळं त्या १८ वर ठरवा.

४. गर्दीच्या महिन्यानंतर तीन साधे महिने जाऊ द्या. तोपर्यंत नवा कायमचा खर्च नको. ऑर्डर जास्त आली तर रोजंदारीवर माणूस घ्या, शेजारच्यांचं मशीन तासावर घ्या.

५. एका वाक्यात लिहा: लोकांनी माझं नाव कशासाठी घ्यायचं?

तुमचा आकडा कमेंटमध्ये लिहा. १८ असेल तर १८ लिहा, ३ असेल तर ३ लिहा. लाजू नका, मी तीन खानावळींवर उभा राहिलोय. आणि तुमच्या ओळखीत कोणाचं रील नुकतंच व्हायरल झालं असेल आणि ते गाळा बघायला निघाले असतील, तर आधी त्यांना हा लेख पाठवा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा करा, हिशोब ठेवा!