माध्यमांतर आणि वातावरण

प्रस्तावना

कथा-कादंबरीचे घटक सांगताना कथानक, पात्रे, संवाद आणि भाषा यांच्याबरोबर 'वातावरण' या घटकाचाही उल्लेख केला जातो. पहिल्या चार घटकांवर बोट ठेवून दाखवता येते. वातावरणाचे तसे नसते. पुस्तक मिटल्यावर काही दिवसांनी पात्रांची नावे विसरली जातात, प्रसंगांचा क्रम विस्कटतो. तरीही त्या जगात वावरल्याची एक जाणीव मागे उरते. ती जाणीव वातावरणाने दिलेली असते.

एखादी कलाकृती वा एखादा विषय एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात नेण्याच्या क्रियेला माध्यमांतर म्हणतात. माध्यमांतरात कथानक आणि पात्रे नेणे फारसे अवघड नसते. वातावरण नेता येते का? विशेषतः जे एकट्याने अनुभवायचे, ते अनेकांनी मिळून अनुभवण्याची वेळ आली तर ते टिकते का? प्रस्तुत पाठात प्रथम संगणकावरील एका खेळाचे उदाहरण पाहू आणि मग मराठी मनाला जवळच्या असलेल्या पानिपताकडे वळू.

मूळ पाठ

'द एल्डर स्क्रोल्स' ही संगणकावरील खेळांची मालिका 1994 मध्ये सुरू झाली. तॅम्रिएल नावाच्या एका कल्पित खंडात या खेळांच्या कथा घडतात. मालिकेतील प्रमुख खेळ एकट्याने खेळण्याचे आहेत. 2011 मध्ये आलेल्या 'स्कायरिम'मध्ये खेळणारा बर्फाच्छादित डोंगरांतून तासन् तास एकटा हिंडू शकतो. सोबतीला वाऱ्याचा आवाज आणि मंद संगीत. कथा हाती घ्यावी किंवा बाजूला ठेवून पलीकडच्या टेकडीवर काय आहे ते पाहून यावे. घाई करणारे कोणी नसते. या संथपणात आणि एकटेपणातच त्या खेळाचे वातावरण आहे.

2014 मध्ये याच खंडावर आधारलेला, आंतरजालावर असंख्य लोकांनी एकाच वेळी खेळण्याचा खेळ आला. जुन्या चाहत्यांसमोर प्रश्न उभा राहिला, की हा तोच तॅम्रिएल आहे का? नगरांची नावे तीच होती. दंतकथा, देवदेवता, इमारतींची घडण, सर्व निष्ठेने आणले होते. मात्र गुहेच्या तोंडाशी पोहोचावे तर तेथे आणखी पाच-दहा वीर आधीच उभे! कथा प्रत्येकाला सांगते की जगाचा उद्धार तुझ्याच हातून व्हायचा आहे, आणि हेच आश्वासन शेजारच्या वीरालाही दिलेले असते. त्यामुळे गांभीर्याला तडा जातो. निर्मात्यांनी 2016 मध्ये नियम बदलून कोणत्याही प्रदेशात कोणत्याही क्रमाने जाण्याची मुभा दिली. मूळ मालिकेचा खरा गुण, म्हणजे मनसोक्त भटकंती, तिने बराचसा परत मिळाला. एकटेपण मात्र परत मिळण्यासारखे नव्हते. त्याच्या जागी दुसरेच काही आले. चार सोबत्यांनी मिळून अंधाऱ्या गुहेत उतरण्याची धास्ती आणि बाहेर पडल्यावरची सुटका यांचेही एक वातावरण असते. ते जुन्या खेळांत नव्हते.

थोडक्यात, नावे आणि स्थळे सामानासारखी उचलून नेता येतात. वातावरण तसे नेता येत नाही. नव्या माध्यमाला ते आपल्या साधनांनी पुन्हा घडवावे लागते. आपल्याकडे याची साक्ष पानिपत हा विषय देतो.

14 जानेवारी 1761 रोजी पानिपतच्या मैदानावर मराठे आणि अहमदशहा अब्दाली यांच्यात एका दिवसाची लढाई झाली. सदाशिवरावभाऊ आणि पेशव्यांचे ज्येष्ठ पुत्र विश्वासराव तीत कामी आले. या घटनेचे वातावरण मराठीत कसे साठले आहे, हे भाषेतच दिसते. संपूर्ण नाश झाला की 'पानिपत झाले' असे आपण म्हणतो. 'विश्वास पानिपतात गेला' या वाक्प्रचारात विश्वासरावांच्या नावावरील श्लेष आणि त्यामागची हळहळ एकत्र नांदतात. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना एका सावकाराच्या सांकेतिक पत्रातून या पराभवाची वार्ता कळली, असे सांगितले जाते. त्या पत्रात माणसांची नावे नव्हती. दोन मोती विरघळले, मोहरा हरवल्या, आणि चांदी-तांब्याची तर गणतीच नाही, अशा आशयाचा तो निरोप होता. हिशेबाच्या कोरड्या भाषेमुळे दुःख अधिक गडद होते. नानासाहेब त्याच वर्षी जून महिन्यात निवर्तले.

ज्याने हा विषय आजच्या वाचकाच्या मनात पुन्हा रुजवला, ते पुस्तक म्हणजे विश्वास पाटील यांची 1988 मध्ये प्रसिद्ध झालेली 'पानिपत' ही कादंबरी. लढाई एका दिवसाची. परंतु तिच्यापूर्वी सुमारे अडीच महिने दोन्ही सैन्ये समोरासमोर खिळून होती. ऑक्टोबर 1760 च्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठ्यांचा दिल्लीशी असलेला संबंध तुटत गेला. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, त्याने रसदेची उरलीसुरली आशाही मावळली. खंदकाने वेढलेल्या छावणीत लढवय्यांबरोबर स्त्रिया, यात्रेकरू आणि बाजारबुणगे होते. (बाजारबुणगे म्हणजे सैन्याबरोबर चालणारे, न लढणारे लोक.) उपासमार, मेलेल्या जनावरांची दुर्गंधी, आणि दक्षिणेतील माणसाने कधी न सोसलेली थंडी. पानिपताचे वातावरण लढाईइतकेच, किंबहुना अधिक, या वाट पाहण्यात आहे. कादंबरीला येथे मोठी सवलत असते. वाचकाला ती शेकडो पाने छावणीत ठेवू शकते. वाचक पुस्तक मिटून जेवायला उठतो, पुन्हा उघडतो, तरी छावणी तेथेच असते आणि धान्य आणखी थोडे घटलेले असते. शेवट काय होणार हे प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक असते, तरीही तो पुढे वाचत राहतो. एकट्याने, दिवसेंदिवस वाचण्यातूनच हा परिणाम साधतो.

या कादंबरीवरून विश्वास पाटील यांनीच 'रणांगण' हे नाटक लिहिले. वामन केंद्रे यांनी ते दिग्दर्शित केले. (विश्राम बेडेकर यांच्या 1939 मधील 'रणांगण' या कादंबरीशी त्याचा संबंध नाही, नावाच्या सारखेपणामुळे अनेकांची गल्लत होते.) कादंबरीचे नाटक होताना काय घडते? लाखाची छावणी रंगमंचावर मावत नाही. अडीच महिने तीन तासांत मावत नाहीत. वाचकाचा निवांत एकांतही उरत नाही. प्रेक्षक शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून बसलेला असतो. इतके गमावल्यावर नाटकाजवळ काय राहते? जिवंत नटाचा आवाज आणि शेकडो माणसांची एकत्र शांतता. अंधारलेल्या सभागृहात विश्वासरावांना गोळी लागल्याची बातमी उच्चारली जाते, तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाचा थांबलेला श्वास आपल्याला ऐकू येतो. कादंबरी हे देऊ शकत नाही. पराभवाचे दुःख समाजाचे होते. ते समूहाने एकत्र बसून अनुभवणे या विषयाच्या प्रकृतीला धरूनच आहे. म्हणून माझ्या मते नाटक कादंबरीतील वातावरणाची नक्कल करू शकत नाही, आणि ते त्याने करूही नये.

2019 मध्ये आशुतोष गोवारीकर यांचा 'पानिपत' हा हिंदी चित्रपट आला. सैन्य, तोफा, वाडे, वस्त्रे, सर्व काही डोळ्यांना दाखवण्याचे सामर्थ्य पडद्याजवळ असते आणि तेच कधी अडचणीचे ठरते. भव्य दृश्ये आणि गीते यांना वेळ दिला की त्या अडीच महिन्यांच्या वाट्याला थोडी मिनिटेच उरतात. घटना कळते, भूक कळत नाही.

याहून वेगळा प्रकार युद्धनीतीच्या खेळांचा. 2009 मध्ये आलेल्या 'एम्पायर: टोटल वॉर' या खेळात मराठा सत्ता निवडून खेळता येते. इसवी सन 1700 पासून पुढे इतिहास खेळणाऱ्याच्या हाती असतो, आणि कुशल खेळाडूला पानिपत घडूच द्यावे लागत नाही. जिंकण्याचा आनंद खरा असतो. पण ज्या शेवटाकडे आपण असहायपणे पाहत राहतो तोच बदलता आला, तर पानिपताचे वातावरण उरणार कोठे?

खुद्द पानिपत आज हरियाणातील एक गजबजलेले औद्योगिक शहर आहे. थंडीने काकडलेल्या छावणीची ही भूमी आता घोंगड्या-ब्लँकेटांसाठी आणि जुन्या लोकरीपासून नवे कापड बनवण्यासाठी ओळखली जाते. शहराबाहेर 'काला अंब' येथे युद्धाचे स्मारक आहे. रक्ताने भिजलेल्या भूमीमुळे येथील आंब्याचे झाड काळे पडले, अशी आख्यायिका आहे. 14 जानेवारीला महाराष्ट्रातून आणि हरियाणातून लोक येथे जमतात. ध्वज असतात, घोषणा असतात, भाषणे होतात. त्या दिवसाचे वातावरण शौर्याचे असते आणि जमलेल्या समूहाला ते हवेही असते. कादंबरीतील छावणी मनात घेऊन येणाऱ्या वाचकाने मात्र दुसरा एखादा दिवस निवडावा. जानेवारीत सकाळी येथे दाट धुके असते, दहा पावलांवरचे दिसत नाही, आणि यमुनेकडून येणारा वारा अंगातील शालीला जुमानत नाही.

स्वाध्याय

1. 'नावे आणि स्थळे सामानासारखी उचलून नेता येतात. वातावरण तसे नेता येत नाही.' या विधानाचे पाठातील दोन उदाहरणांच्या आधारे स्पष्टीकरण करा.

2. सावकाराच्या सांकेतिक पत्रात दुःखाचा थेट उल्लेख नसूनही ते अधिक परिणामकारक का वाटते?

3. लेखकाच्या मते नाटकाने कादंबरीतील वातावरणाची नक्कल करू नये. आपण या मताशी सहमत आहात का? सकारण लिहा.

4. आपण वाचलेल्या आणि नंतर नाटक, चित्रपट, मालिका किंवा खेळ या रूपात अनुभवलेल्या एखाद्या कलाकृतीविषयी वीस ओळी लिहा. काय टिकले, काय हरवले आणि नवे काय मिळाले, याकडे विशेष लक्ष द्या.