उघडझापीचे हेल्मेट कसे निवडावे?



या पानावर आपण बेणेप्रक्रिया, हुमणी, खोडवा, ठिबक यांविषयी वाचत असता. या वेळी विषय निराळा आहे. गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या कार्यक्षेत्रातील रस्ते रात्रंदिवस वाहू लागतात. बैलगाड्या, ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, ट्रक आणि त्यांच्यातून वाट काढणाऱ्या आपल्या मोटारसायकली. मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो, रेडियमच्या पट्टीवर चिखल बसलेला असतो, आणि बाहेर आलेल्या उसाच्या मोळ्यांनी उरलीसुरली पट्टीही झाकलेली असते. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटर, म्हणजे ५५ फूट जाते. काळी ट्रॉली दिसली, ब्रेकवर पाय गेला, तेवढ्यात हे ५५ फूट संपलेले असतात.

ट्रॉलीला दिवा आणि रेडियम लावण्याची जबाबदारी वाहनमालकाची आहे, ती त्याने पाळलीच पाहिजे. पण आपले डोके दुसऱ्याच्या रेडियमवर सोपवून चालणार नाही.

आम्ही शेतकी खात्याची माणसे गटात फिरताना सभासदांना विचारतो, हेल्मेट का घालत नाही? उत्तरे ठरलेली आहेत. "गुदमरल्यावानी होतंय." "चष्मा बसत नाही." "माणूस भेटला तर राम राम करावा का हेल्मेट काढावं?" "तंबाखू थुंकायची पंचाईत." "शेतापर्यंत जायला कशाला लागतंय, साहेब?" शेवटचे कारण सोडले तर बाकीची कारणे आम्हांस खोटी वाटत नाहीत. माणसाला दिवसातून वीस ठिकाणी थांबायचे असते. दर वेळी पट्टा सोडा, हेल्मेट ओढून काढा, टोपी घाला, पुन्हा उलटे करा, हे कोण करील? मग हेल्मेट आरशाला अडकते, टाकीवर बसते, आणि चौकात पोलीस दिसला की डोक्यावर चढते. जे हेल्मेट त्रास देते ते डोक्यावर राहत नाही, आणि जे डोक्यावर राहत नाही त्याचा उपयोग शून्य. म्हणून आरामाचा विचार चैन म्हणून सोडून देऊ नये, तो सुरक्षिततेचाच भाग आहे.

यावर फ्लिप-अप हेल्मेट हा एक चांगला उपाय आहे. याला आम्ही उघडझापीचे हेल्मेट म्हणतो. दिसायला ते पूर्ण तोंड झाकणाऱ्या हेल्मेटसारखेच असते. फरक इतकाच की हनुवटीपुढचा भाग काचेसकट कपाळावर उचलता येतो. हनुवटीशी एक बटण असते, ते दाबले की खटका सुटतो. थांबलात, तोंड उघडले, बोललात, पाणी प्यालात, फोन केला, पुन्हा खाली ओढले की 'टक्' आवाज करून बसते. चष्मेवाल्यांना तर हे वरदानच आहे. आधी हेल्मेट चढवायचे, मग चष्मा लावायचा, मग तोंड बंद करायचे. काड्या वाकत नाहीत. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने १९८१ साली अशी हनुवटी उचलणारी 'सिस्टीम' हेल्मेट बाजारात आणली. आज आपल्या देशातल्या बहुतेक कंपन्या ती करतात. वेगा कंपनी तर आपल्या शेजारच्या बेळगावचीच. कोणत्याही एका कंपनीची शिफारस आम्ही करीत नाही.

हनुवटी झाकण्याची गरज काय, असे कोणी विचारील. मागील एका हंगामात आमच्या ओळखीच्या एका स्लिपबॉयची गाडी रात्री उभ्या ट्रॉलीला मागून धडकली. डोक्यावर वाटीसारखे अर्धे हेल्मेट होते, त्यामुळे कवटी वाचली. पण जबडा दोन ठिकाणी मोडला. दात तारांनी बांधले, आणि पाच आठवडे पोरगा नळीने ताक, पेज आणि डाळीचे पाणी ओढत होता. वजन इतके घटले की आईला ओळखू येईना. ट्रॉलीचा मागचा काठ साधारण मोटारसायकलवाल्याच्या छाती-तोंडाच्या उंचीला येतो, हे आपण उभे राहून मोजून पाहावे.

हेल्मेट काम कसे करते, हे समजले म्हणजे निवड सोपी जाते. बाहेरचे कवच टणक असते. ते आदळण्याचा जोर एका जागी न ठेवता पसरवते आणि टोकदार वस्तू आत शिरू देत नाही. खरे काम आतला थर्माकोलचा जाड थर करतो. तो चेपला जातो, आणि तो चेपण्यात जो क्षणाचा काही अंश जातो तेवढ्यात मेंदूला बसणारा हिसका कमी होतो. ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने आदळणे म्हणजे २० फूट खोल कोरड्या विहिरीत डोक्यावर पडणे होय. चेपलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही. सबब एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट बाहेरून कितीही नवे दिसले तरी टाकून द्यावे, आणि जुने, कोणाचे तरी वापरलेले घेऊ नये.

ही गोष्ट जगाला शिकवायलाही एक मृत्यू लागला. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये इंग्लंडात मोटारसायकलवरून जाताना सायकलवरील दोन मुलांना चुकवायला गेले आणि पडले. डोक्याला मार लागून सहा दिवसांनी गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यतज्ज्ञ होते. त्यांनी हा प्रश्न धरून ठेवला आणि १९४१ साली मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींवर लेख लिहिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रिटिश सैन्याने कामावरील स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. पुढे अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून काढलेला हिशेब असा की हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्के कमी होतो. एखाद्या औषधाने खोडकीड ६९ टक्के कमी होते म्हटले, तर आपण दुकानापुढे रांग लावू.

आता खरेदीकडे वळू. पहिली गोष्ट आय.एस.आय. चिन्ह. हेल्मेटसाठी भारतीय मानक आय.एस. ४१५१ हे आहे, आणि १ जून २०२१ पासून या चिन्हाशिवाय दुचाकीचे हेल्मेट विकण्यास बंदी आहे. तरीही रस्त्याच्या कडेला दोन-तीनशे रुपयांत खोटा शिक्का मारलेली टोपली मिळतेच. आत हात घालून पाहा. थर्माकोलऐवजी नुसता स्पंज लागला तर ते हेल्मेट नव्हे. काही उघडझापी हेल्मेटांवर युरोपातील ई.सी.ई. मानकाचा शिक्काही असतो. त्यात 'पी/जे' अशी अक्षरे असली तर ते हेल्मेट बंद आणि उघड्या अशा दोन्ही स्थितींत तपासलेले आहे असे समजावे.

दुसरी गोष्ट माप, आणि इथेच बहुतेक लोक फसतात. आपल्याकडे कपडा, चप्पल, हेल्मेट सगळे 'जरा सैलच बरं' म्हणून घेतात. सैल हेल्मेट आदळल्याबरोबर फिरते किंवा उडून जाते. शिंप्याची टेप घ्या. भुवयांच्या एक बोट वर, कानांच्या वरून, मागे डोक्याचा जो सर्वांत फुगीर भाग त्यावरून गोल फिरवा. ५८ सेंटिमीटर आले तर मध्यम, ६० आले तर मोठे, असा सर्वसाधारण हिशेब. हेल्मेटच्या आत तो ५८० किंवा ६०० मिलिमीटर असा लिहिलेला असतो. पण कंपनीगणिक फरक पडतो, म्हणून आकड्यावर न जाता घालून पाहा. गाल चांगले दाबले गेले पाहिजेत, इतके की बोलताना गालाचा आतला भाग दाताखाली यावा. गालाची गादी वापराने थोडी बसते, म्हणून नवे असताना घट्ट असणेच योग्य. मात्र कपाळावर किंवा कानशिलावर एकाच ठिकाणी टोचता कामा नये.

दुकानदाराला सांगून ते पंधरा मिनिटे डोक्यावर ठेवा. चहा मागवा, काचेआडून बाजार बघा. काढल्यावर कपाळावर लाल वळ दिसला तर ते आपल्या डोक्याच्या आकाराचे नाही, दुसरे मागा. नंतर पट्टा लावून, मागच्या काठाला हात घालून हेल्मेट पुढे उलटवायचा प्रयत्न करा. निघून आले तर मोठे आहे. मान हलवून पाहा, हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलली पाहिजे. पट्ट्याखाली एक बोट जावे, मूठ नव्हे. लातूरला गंजगोलाईत किंवा नांदेडला वजिराबादेत बाजाराला गेलात की घाई असते हे आम्ही जाणतो. पण बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो, तेवढा वेळ इथेही द्यावा. बापाचे माप घेऊन मुलाने हेल्मेट आणणे हा प्रकार तर करूच नये.

टोपी, पटका, उपरणे यांचे काय? जाड उपरणे गुंडाळून वर हेल्मेट घातले की माप बिघडते आणि पट्टा हनुवटीपर्यंत पोचत नाही. पातळ सुती रुमाल चालेल, पण मग मापाच्या वेळीही तोच बांधून जा. टोपी खिशात ठेवावी. भगिनींनी आंबाडा न घालता मानेजवळ सैल वेणी घातली तर हेल्मेट नीट बसते, आणि पदर खोचूनच मागे बसावे. कायद्याने मागे बसणाऱ्यासही हेल्मेट बंधनकारक आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम १२९ तसेच सांगते. २०१९ च्या दुरुस्तीने चार वर्षांवरील प्रत्येकास ते लागू झाले. त्याच कलमात पगडी घातलेल्या शीख व्यक्तीस सूट आहे. आपल्या नांदेडात हुजूर साहिबमुळे शीख बांधव पुष्कळ, त्यामुळे काही सभासद विचारतात की मग आमच्या पटक्याने काय घोडं मारलंय? ती सूट त्यांच्या धर्माचरणाला दिलेली आहे, पटक्याला नाही.

सक्तीने फार साधते असे आमचे मत नाही. जुलै २०१६ मध्ये तत्कालीन परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही अशी घोषणा केली होती. पंपचालकांनी विरोध केला आणि ती सौम्य करावी लागली. पंपावर चढलेले हेल्मेट पुढच्या वळणावर उतरणारच, जर ते टोचत असेल.

उघडझापीच्या हेल्मेटात विशेष पाहावयाचे ते खटका आणि बिजागरी. दुकानात पंधरा-वीस वेळा उघडझाप करा. दोन्ही बाजूंचे खटके एकदम बसले पाहिजेत. एका बाजूने बसले आणि दुसरीकडे फट राहिली तर घेऊ नका. बंद केल्यावर हनुवटी धरून ओढून बघा, सुटता कामा नये. धातूचा खटका प्लॅस्टिकपेक्षा टिकाऊ. डाव्या हाताच्या अंगठ्याने, न बघता, बटण सापडते का तेही पाहा.

आणि एक सक्त सूचना. गाडी चालू झाली की तोंड बंद. हनुवटी वर ठेवून गाडी हाणणारे आम्ही रोज पाहतो. वर उचललेला भाग वाऱ्याला शिडासारखा अडतो, मानेला मागे ओढतो, आणि ज्या हनुवटीसाठी जास्त पैसे मोजले ती उघडीच राहते. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूरला जाणाऱ्या हमरस्त्यावर तर ही चूक करूच नये. रस्ता गुळगुळीत, मोटारी सुसाट, आणि मध्येच उसाची ट्रॉली उलट्या बाजूने येते.

या हेल्मेटाचे दोषही सांगतो. बिजागरीमुळे ते साध्या पूर्ण हेल्मेटपेक्षा साधारण पाव किलोने जड असते, दीड किलोच्या पुढे जाते. सांध्यातून वारा थोडा जास्त वाजतो. मानेच्या मणक्याचा त्रास असणाऱ्यांनी हलके, न उघडणारे पूर्ण हेल्मेट घ्यावे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, म्हणून कपाळावर व हनुवटीवर हवेची भोके असलेले आणि आतले अस्तर निघणारे पाहूनच घ्यावे. घाम आणि खोबरेल तेल मुरलेले अस्तर महिन्याभरात असा वास मारते की त्याच कारणाने हेल्मेट माळ्यावर जाते. अस्तर काढून साबणाच्या कोमट पाण्यात धुवावे, सावलीत वाळवावे. कवच पेट्रोल किंवा डिझेलने पुसू नये, त्याने प्लॅस्टिक आणि थर्माकोल खराब होतात. काच पांढरीच घ्यावी. काळी काच रात्री आंधळे करते. आत काळी पट्टी असेल तर दिवस मावळताच वर सरकवावी. धुळीची काच कोरड्या उपरण्याने पुसली की ओरखडे पडतात, आणि समोरून येणाऱ्या दिव्यात ते ओरखडे चमकून काही दिसत नाही. आधी पाणी ओता, मग पुसा. मार बसला नाही तरी पाचेक वर्षांनी हेल्मेट बदलावे.

खर्च म्हणाल तर साधारण दीड-दोन हजारांपासून आय.एस.आय. चिन्हाचे उघडझापीचे हेल्मेट मिळते. डीएपीच्या दीड पोत्याच्या आसपास. घरात गाडीवर बसणारी दोन माणसे असतील तर दोन घ्यावी लागतील, आणि दोघांची मापे वेगळी असतील.

शेतकी गट कार्यालयांतून शिंप्याची टेप ठेवण्यास आम्ही सांगितले आहे. सुरू उसाची नोंद देण्यास याल तेव्हा डोके मोजून घ्यावे, आकडा नोंदीच्या पावतीमागे लिहून देतील. सोबत मागे बसणारे माणूसही आणावे.